जुन्या वेब ॲप्लिकेशनसाठी डेटाबेस रॅपर क्लास लिहिण्याचा अनुभव

जानेवारी २०२३ मध्ये आमच्या होस्टिंग सेवेची सूचना आली. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ७.४ आवृत्तीसाठीच्या सुरक्षा-दुरुस्त्या २८ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद झाल्या असल्यामुळे ती आवृत्ती सर्व्हरवरून काढली जाणार होती आणि सर्वांनी आपापली ॲप्लिकेशन ८.१ वर न्यावीत, असे तीत म्हटले होते. मी सांभाळत असलेले ॲप्लिकेशन अभ्यासक्रमांच्या प्रवेशनोंदणीचे आहे: अर्जदार खाते उघडतो, तुकडी निवडतो, शुल्क भरतो आणि त्याला पावती मिळते. वरवर पाहता हे आवृत्ती बदलण्याचे काम होते. प्रत्यक्षात ते डेटाबेसशी बोलणारा सगळा कोड एका रॅपर क्लासमागे, म्हणजे डेटाबेसभोवती आवरणासारख्या एकाच कोड-घटकामागे, नेण्याचे काम ठरले. ज्यांच्यासमोर असेच काम येऊन ठेपले आहे त्यांना पुढचा अंदाज यावा, म्हणून घडले त्या क्रमाने लिहून ठेवत आहे.

कोड किती जुना होता हे त्याच्या थरांवरून कळत होते. सर्वांत खाली मायएसक्यूएल या डेटाबेससाठीच्या पीएचपीतल्या मूळ फंक्शनांवर बेतलेल्या फाइली होत्या. ती फंक्शने पीएचपी ५.५ मध्ये, म्हणजे २०१३ साली, कालबाह्य ठरवली गेली आणि डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या ७.० मधून ती पूर्णपणे काढून टाकली गेली. त्या वेळी कोणीतरी त्याच नावांची फंक्शने मायएसक्यूएल-आय हे त्यानंतरचे एक्स्टेन्शन वापरून नव्याने लिहिली आणि ती फाइल सगळीकडे जोडून दिली. त्यामुळे गाडे पुढे चालू राहिले. पण कनेक्शन एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये, क्वेरी (डेटाबेसला एसक्यूएल भाषेत दिलेल्या आज्ञा) जागोजाग जोडलेल्या स्ट्रिंगांमध्ये, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांमध्ये, आणि एररची हाताळणी ज्याच्या त्याच्या मर्जीवर, ही स्थिती तशीच राहिली. ८.१ मध्ये मायएसक्यूएल-आयची मुळातली वागणूकच बदलली आहे: क्वेरी फसली की पूर्वी नुसते फॉल्स ('खोटे' हे मूल्य) परत येई, आता एक्सेप्शन (पकडली नाही तर काम तिथेच थांबवणारी एरर) फेकले जाते. आमच्याकडे फॉल्स आले तरी काही न बोलता पुढे जाणाऱ्या जागा पुष्कळ होत्या, आणि त्यांतली कोणती क्वेरी रोज फसत असूनही कोणाच्या लक्षात येत नाही, हे सांगता येत नव्हते. याच सुमारास सुरक्षा-तपासणीचा अहवालही आला. त्यात एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे बाहेरून आलेल्या मजकुराने क्वेरीच बदलून टाकण्याच्या हल्ल्याला, वाव असलेल्या जागांची लांबलचक यादी होती आणि सर्व क्वेरी पॅरामीटर बांधूनच (मूल्ये क्वेरीच्या मजकुरात न मिसळता वेगळी देऊन) चालवाव्यात, अशी एका ओळीची शिफारस होती. यादी वाचून छातीत धस्स झाले, हे कबूल करायला हरकत नाही.

क्लासचा आराखडा काढण्याआधी फेब्रुवारीचा बराचसा काळ मी केवळ आहेत त्या क्वेरी वाचण्यात घालवला. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळू नये. प्रत्येक क्वेरी शोधून एका तक्त्यात उतरवली: ती कोणत्या फाइलीत आहे, बाहेरून कोणती मूल्ये येतात, आणि आलेल्या उत्तराचे पुढे काय केले जाते. यांतला शेवटचा स्तंभ सर्वांत उपयोगी ठरला. क्वेरी कितीही वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांच्याकडून मागितलेल्या उत्तराचे आकार मोजकेच होते: अनेक ओळी, एक ओळ, एक मूल्य, एकाच स्तंभाची यादी, किंवा किती ओळी बदलल्या ती संख्या. क्लासला किती मेथड (क्लासमधली फंक्शने) लागतील याचे उत्तर इथेच मिळाले. तक्ता न करता आराखडा काढला असता तर त्यात व्हेअर, जॉइन, ऑर्डर-बाय अशा मेथडची साखळी आली असती, कारण डेटाबेस क्लास म्हटले की तेच डोळ्यांसमोर येते. तक्ता मात्र सांगत होता की आमची अडचण एसक्यूएलची नाहीच. एसक्यूएल स्वच्छ वाचता येत होते. वाचता येत नव्हता तो त्याच्याभोवतीचा कोड, म्हणजे मूल्ये एस्केप करणारी (त्यांतली घातक चिन्हे निष्प्रभ करणारी), लूप फिरवून ओळी गोळा करणारी आणि फॉल्स तपासणारी वर्तुळाकार पुनरुक्ती.

तयार लायब्ररी का घेतली नाही, हा प्रश्न चमूतल्या पहिल्याच बैठकीत आला आणि तो रास्त होता. डॉक्ट्रिनचे डीबीएएल ही डेटाबेससाठीची तयार लायब्ररी आहे, निरनिराळ्या फ्रेमवर्कचे आपापले थर आहेत, आणि ॲप्लिकेशन नव्याने लिहायचे असते तर मी डोळे झाकून त्यांतलेच एक घेतले असते. आमच्याकडे मात्र कंपोझर हे बाहेरच्या लायब्ररी आणून जोडणारे साधन वापरातच नव्हते, बाहेरच्या प्रत्येक लायब्ररीसाठी परवान्याच्या तपासणीचा वेगळा अर्ज करावा लागत असे, आणि आम्हाला हव्या असलेल्या गोष्टी पीडीओ या पीएचपीसोबतच येणाऱ्या एक्स्टेन्शनवर थोडक्यात उभ्या राहत होत्या. म्हणून पीडीओभोवती पातळ क्लास, असे ठरले. पातळ राहणे ही अट मी आराखड्याच्या टिपणात सुरुवातीलाच लिहून घेतली. तिचा उपयोग पुढे वारंवार झाला.

मार्चमध्ये बदल-प्रस्तावाचा अर्ज भरला. त्यात कामाची व्याप्ती, परिणाम होणारी पाने, चाचणीची पद्धत आणि काही बिघडल्यास पूर्वस्थितीवर कसे यायचे, असे रकाने होते. शेवटच्या रकान्यात मी 'जुना कोड परत चढवू' एवढेच लिहिले होते. अर्ज त्याच मुद्द्यावर परत आला, कारण दरम्यान डेटाबेसच्या रचनेत बदल झाला तर काय, याचे उत्तर त्यात नव्हते. या कामात टेबलांच्या रचनेला हात लावला जाणार नाही, असे स्पष्ट लिहून दिल्यावर अर्ज पुढे सरकला. असा अर्ज भरणाऱ्यांनी ही दोन कामे एकत्र करू नयेत. मंजुरीही लवकर मिळते आणि रात्री झोपही लागते.

मंजुरीपेक्षा जास्त काळ गेला तो डेटाबेस खात्यापायी. जुने ॲप्लिकेशन ज्या खात्याने मायएसक्यूएलमध्ये शिरत असे त्याला टेबल पाडण्यापर्यंतचे सगळे अधिकार होते. मी नव्या खात्यासाठी फक्त सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट आणि डिलीट एवढेच अधिकार मागितले आणि रचना बदलण्यासाठी वेगळे खाते ठेवायचे सुचवले. अधिकार कमी करून मागणारा अर्ज डेटाबेस-व्यवस्थापकांकडे फारसा येत नसावा, कारण तो नमुन्यात बसत नव्हता, आणि नमुन्यात न बसणारे कागद जिथे जातात तिथे तो काही आठवडे पडून राहिला. तोवर स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, काम सुरू केले होते, म्हणून वाट पाहणे जड गेले नाही.

क्लासची सुरुवात कनेक्शनपासून झाली, आणि पीडीओच्या चार सेटिंगांवर आमचा जेवढा खल झाला तेवढा पुढे कशावरच झाला नाही. एरर आली की एक्सेप्शन फेकावे, हे पीएचपी ८.० पासून आपोआप होते, तरीही ते उघडपणे लिहिले. क्लास वाचणाऱ्याला आवृत्त्यांचा इतिहास पाठ असावा अशी अपेक्षा का धरावी? ओळी केवळ स्तंभांच्या नावांनी मिळाव्यात हे सांगितले, कारण न सांगितल्यास पीडीओ प्रत्येक मूल्य दोनदा देते, एकदा नावाने आणि एकदा क्रमांकाने. कॅरॅक्टर सेट कनेक्शनच्या स्ट्रिंगमध्येच यूटीएफ-८-एमबी-४ असा दिला. मायएसक्यूएलमध्ये नुसते यूटीएफ-८ म्हणून जे चालत आले आहे ते एका अक्षराला तीनच बाइट देते. देवनागरी त्यात बसते, त्यामुळे वर्षानुवर्षे शंका येत नाही, आणि कोणी अभिप्रायात एखादे इमोजी टाकले की नोंद अडते. चौथे सेटिंग प्रिपेअर्ड स्टेटमेंटचे, म्हणजे मूल्यांच्या जागा मोकळ्या ठेवून आधी तयार केलेल्या क्वेरीचे. मायएसक्यूएलसाठी पीडीओ मुळात ती खरी पाठवत नाही. मूल्ये स्वतःच एस्केप करून क्वेरीत भरते आणि तयार मजकूर सर्व्हरकडे धाडते. हे अनुकरण आम्ही बंद केले, म्हणजे क्वेरी आणि मूल्ये सर्व्हरकडे वेगवेगळी जातात. त्याची किंमत पुढे सांगतो.

कनेक्शन जुळले नाही तर जे एक्सेप्शन येते त्याच्या ट्रेसमध्ये (ते कोणत्या कोडमधून आले याच्या नोंदीत) कन्स्ट्रक्टरला, म्हणजे क्लासची वस्तू तयार करणाऱ्या मेथडला, दिलेला पासवर्ड उमटू शकतो. पीएचपी ८.२ पासून तो झाकला जातो, आम्ही ८.१ वर जाणार होतो. म्हणून क्लास ते एक्सेप्शन पकडतो आणि आपले स्वतःचे फेकतो. मूळ एक्सेप्शन त्याला 'आधीचे कारण' म्हणून जोडत नाही, नाहीतर ट्रेस त्याच्याबरोबर परत येतो. कनेक्शन पहिल्या क्वेरीच्या वेळीच उघडते, कारण कित्येक पानांना डेटाबेस लागतच नाही. आणि क्लास सिंगलटन केलेला नाही. प्रत्येक ठिकाणाहून हाक मारता येणारी एकच वस्तू म्हणजे ग्लोबल व्हेरिएबलच चांगले कपडे घालून आलेले. ज्याला डेटाबेस हवा त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये तो द्यावा, एवढा नियम पुरला.

मेथड तक्त्यातल्या आकारांप्रमाणेच ठेवल्या. प्रत्येकीला दोनच गोष्टी द्यायच्या: क्वेरी आणि मूल्यांचा ॲरे (यादी). एक ओळ मागणारी मेथड ओळ नसल्यास नल ('काही नाही' हे मूल्य) देते. पीडीओ अशा वेळी फॉल्स देते, आणि एकच मूल्य मागताना ते फारच गोंधळाचे होते, कारण खुद्द मूल्यही रिकामे असू शकते. म्हणून 'ओळ असलीच पाहिजे' अशा जागांसाठी वेगळी मेथड केली, जी ओळ न सापडल्यास एक्सेप्शन फेकते. या मेथडमुळे पानांमधल्या किती तरी इफ-अटी गळून पडल्या. माझ्या मते संपूर्ण क्लासमधली सर्वांत मोलाची मेथड तीच.

मूल्ये बांधताना प्रकार पाहून बांधायचे ठरवले. पीडीओला सगळा ॲरे एकदम दिला तर ते प्रत्येक मूल्य स्ट्रिंग समजते, आणि मग बूलियन फॉल्सची रिकामी स्ट्रिंग होते, मायएसक्यूएल ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड मुळातच चालू असल्याने अंकांच्या स्तंभात ती रिकामी स्ट्रिंग जात नाही आणि क्वेरी फसते. म्हणून पूर्णांक पूर्णांकासारखा, नल नलसारखा, आणि बूलियनचे शून्य किंवा एक करून बांधायचे. हे योग्यच होते, पण त्यातून एक मजेशीर गोष्ट निघाली, ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. स्टेजिंगवर उपस्थितीचे एक पान एकाएकी संथ झाले. क्वेरी साधी होती: दिलेल्या नोंदणी-क्रमांकांचे अर्जदार आणा. नोंदणी-क्रमांकाचा स्तंभ व्हारकॅर (मजकुराचा), त्यावर इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची), सगळे जागच्या जागी. एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) चालवले तर इंडेक्स वापरला जात नव्हता, टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चाळले जात होते. क्रमांकांची यादी कोडमध्ये एका ॲरेच्या कीजमधून घेतली होती, आणि पीएचपीत '४२१७' ही स्ट्रिंग की म्हणून ठेवली की तिचा गुपचूप पूर्णांक होतो. आमच्या क्लासने तो पूर्णांक म्हणूनच बांधला. मजकुराच्या स्तंभाची पूर्णांकाशी तुलना करायची तर मायएसक्यूएल प्रत्येक ओळीतल्या मजकुराची संख्या करून पाहते, आणि तिथे इंडेक्सचा उपयोग संपतो. जुन्या कोडमध्ये मूल्याभोवती अवतरणचिन्हे असल्याने हे कधी दिसले नव्हते. उपाय त्या पानावरच केला, मूल्ये स्ट्रिंग करून दिली. क्लासला स्तंभाचा प्रकार ओळखायला शिकवायचे नाही, हेही तेव्हाच ठरले.

यादीवरून शोधणाऱ्या क्वेरींसाठी एक छोटी सोय क्लासमध्ये ठेवली: ॲरेत जेवढी मूल्ये तेवढी प्रश्नचिन्हे (क्वेरीत मूल्यांच्या जागा दाखवणारे प्लेसहोल्डर) तयार करून देणारी. यादी रिकामी असली तर मायएसक्यूएलला रिकामा कंस चालत नाही, म्हणून तिथे क्लास एक्सेप्शन फेकतो. रिकाम्या यादीचे उत्तर आपोआप 'काहीच नाही' असे द्यावे, असे एका सहकाऱ्याचे मत होते. पण 'या यादीत नसलेले सर्व' अशा उलट क्वेरीत त्याच सोयीचा अर्थ फिरतो, आणि डिलीटमध्ये तो महागात पडू शकतो.

एप्रिलमध्ये खरी परीक्षा मागण्यांची होती. टेबलाचे नाव आणि ॲरे दिला की नोंद घालणारी मेथड असावी, ही पहिली. ती लिहायला अवघड नाही, पण स्तंभांची नावे ॲरेच्या कीजमधून येतात, आणि ॲरे बहुधा थेट फॉर्ममधून येतो. प्लेसहोल्डरने मूल्ये बांधता येतात; टेबलांची आणि स्तंभांची नावे बांधता येत नाहीत. म्हणजे ज्या धोक्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता तोच मागच्या दाराने आत येणार. शिवाय फॉर्ममध्ये कोणी शुल्क-माफीचा स्तंभ घुसवला तर तोही मुकाट्याने भरला जाईल. ती मेथड केली नाही. क्रम लावण्यासाठी स्तंभाचे नाव पानावरून येते अशा थोड्या जागा होत्या. तिथे चालणाऱ्या नावांची यादी त्या त्या पानाच्या कोडमध्ये ठेवली आणि आलेले नाव तिच्याशी ताडून पाहिले. कॅशिंग, पानांची विभागणी, तारखांचे रूपांतर अशा मागण्याही आल्या. सगळ्या गरजा खऱ्याच होत्या, पण त्यांची जागा या क्लासमध्ये नव्हती. टिपणातल्या 'पातळ' या शब्दावर बोट ठेवून प्रत्येक वेळी नकार देता आला, आणि वाद माणसांपर्यंत गेला नाही.

ट्रान्झॅक्शनसाठी, म्हणजे एकत्रच पक्क्या होणाऱ्या किंवा एकत्रच मागे घेतल्या जाणाऱ्या क्वेरींसाठी, सुरू करा, पक्के करा, मागे घ्या अशा तीन मेथड बाहेर दिल्या नाहीत. एकच मेथड आहे. तिला एक फंक्शन द्यायचे. ते सुरळीत संपले तर कमिट, एक्सेप्शन आले तर रोलबॅक आणि तेच एक्सेप्शन पुन्हा बाहेर. प्रवेशाचे उदाहरण घेऊ. आधी तुकडीतल्या शिल्लक जागांमधून एक वजा करायची, पण 'शिल्लक शून्यापेक्षा जास्त असेल तरच' ही अट त्याच अपडेटमध्ये घालायची. बदललेल्या ओळींची संख्या शून्य आली तर जागा भरल्या असे समजून एक्सेप्शन फेकायचे. मग पावतीची नोंद घालायची. जुन्या कोडमध्ये आधी जागा मोजून मग वजा केल्या जात, आणि दोन अर्जदारांनी एकाच क्षणी बटण दाबले तर शेवटची जागा दोघांना मिळू शकत होती. इथे एक खबरदारी: मायएसक्यूएल बदललेल्या ओळींची संख्या देते, जुळलेल्या ओळींची नव्हे. वजाबाकीत मूल्य नेहमी बदलतेच, म्हणून ही तपासणी चालते. पत्ता अद्ययावत करताना अर्जदाराने तोच पत्ता पुन्हा दिला तर शून्यच येईल, आणि त्याचा अर्थ 'अर्जदार सापडला नाही' असा घेऊन चालणार नाही.

ट्रान्झॅक्शनमध्ये ट्रान्झॅक्शन आले तर काय? सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनच्या मध्ये ठेवलेली, मागे परतण्याची खूण) वापरून ते निभावता येते. आम्ही एक्सेप्शन फेकणे पसंत केले, कारण आतल्या भागाने 'पक्के झाले' असे मानावे आणि बाहेरच्याने सगळे मागे घ्यावे, हे कोड वाचून कळत नाही. ट्रान्झॅक्शन कोठून सुरू होते हे वरच्या थरानेच ठरवावे.

डेडलॉकचा, म्हणजे दोन ट्रान्झॅक्शने एकमेकांची वाट पाहत अडकण्याचा, अनुभव स्टेजिंगवर भाराची चाचणी घेताना आला. प्रवेश घेताना आधी तुकडीची ओळ आणि मग पावतीची, तर प्रवेश रद्द करताना आधी पावतीची आणि मग तुकडीची, असा उलटा क्रम होता; दोन्ही एकाच वेळी चालले की मायएसक्यूएल एकाला १२१३ क्रमांकाची एरर देऊन त्याचे पूर्ण ट्रान्झॅक्शन मागे घेते. क्रम दोन्हीकडे सारखा केला, आणि तरीही डेडलॉक आलाच तर दिलेले फंक्शन मोजक्या वेळा पुन्हा चालवण्याची सोय क्लासमध्ये घातली. मात्र पुन्हा चालणाऱ्या फंक्शनमधून ईमेल पाठवला जात असेल तर तोही पुन्हा जाईल. म्हणून ईमेल आणि पैसे भरण्याच्या सेवेशी होणारे बोलणे ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढले. लॉकची (दुसऱ्याने अडवलेली ओळ मोकळी होण्याची) वाट पाहून येणारी १२०५ ही एरर वेगळी असते: ती मुळात ५० सेकंदांनी येते आणि फक्त ती एकच क्वेरी मागे घेते. ती आम्ही पुन्हा चालवत नाही. ५० सेकंद थांबलेल्या माणसाला आणखी थांबवण्यात अर्थ नाही. ट्रान्झॅक्शन मागे घेऊन त्याला स्पष्ट निरोप दिलेला बरा.

एररचे भाषांतर हे क्लासचे शेवटचे मोठे काम. एकच ईमेल पुन्हा नोंदवला तर मायएसक्यूएल १०६२ ही एरर देते. तिच्यासाठी वेगळे एक्सेप्शन केले, म्हणजे नोंदणीचे पान ते पकडून 'हा ईमेल आधीच नोंदलेला आहे' असे सांगू शकते. बाकी सर्व एररसाठी एक सामान्य एक्सेप्शन पुरले. लॉगमध्ये क्वेरीचा मजकूर, एररचा क्रमांक आणि लागलेला वेळ जातो. बांधलेली मूल्ये जात नाहीत. लॉग फाइली कित्येक जण वाचतात, आणि अर्जदारांचे फोन नंबर तिथे पडून राहण्याचे काहीच कारण नाही. सुरक्षा-तपासणीच्या दुसऱ्या फेरीत हा मुद्दा विचारलाही गेला.

चाचण्या आधी मेमरीतल्या एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालवाव्यात असा विचार होता, कारण त्या झटपट होतात. पण एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की (टेबलांमधले दुवे) मुळात तपासल्याच जात नाहीत, स्तंभांच्या प्रकारांबाबत ते सैल असते आणि डेडलॉकसारखी गोष्ट तिथे अनुभवता येत नाही. आमच्या क्लासचे निम्मे काम मायएसक्यूएलच्या स्वभावाशी जुळवून घेण्याचे होते. त्याची चाचणी दुसऱ्याच डेटाबेसवर घेण्यात हशील नव्हते. चाचणीसाठी वेगळा मायएसक्यूएल मंजूर करून घेतला, त्यासाठी आणखी एक अर्ज भरला.

मेपासून जुना कोड नव्या क्लासवर आणायला सुरुवात केली. एकेक फाइल घेऊन पुढे जावे, असे कोणालाही वाटेल, पण या टप्प्यावर एक अडचण आहे. जुनी फंक्शने मायएसक्यूएल-आयच्या कनेक्शनवर आणि नवा क्लास पीडीओच्या कनेक्शनवर, म्हणजे एकाच पानाच्या पोटात दोन कनेक्शने. एकावर सुरू झालेले ट्रान्झॅक्शन दुसऱ्याला दिसत नाही, आणि दोघांनी एकाच ओळीला हात घातला तर पान स्वतःच स्वतःची वाट पाहत बसते. म्हणून फाइलींप्रमाणे न जाता कामाच्या ओघाप्रमाणे गेलो: प्रवेश घेण्याचा सगळा मार्ग एकदम, मग रद्द करण्याचा, मग अहवाल. कनेक्शने तात्पुरती वाढणार याची कल्पना डेटाबेस-व्यवस्थापकांना आधी दिली होती. मायएसक्यूएलची मूळ मर्यादा १५१ कनेक्शनांची असते, आणि आमच्या सर्व्हरवर ती तशीच होती.

याच काळात बारीकसारीक मोडतोड सर्वाधिक झाली. पूर्वी डेटाबेसमधून आलेली प्रत्येक संख्या स्ट्रिंग असे, आता पूर्णांक खरोखर पूर्णांक म्हणून येऊ लागले. जिथे '१' या स्ट्रिंगशी तिहेरी बरोबरचिन्हाने तुलना केली होती तिथे अट खोटी ठरू लागली. डेसिमल स्तंभ मात्र अजूनही स्ट्रिंगच येतात, आणि पैशांसाठी तेच बरे. अनुकरण बंद असल्याने एकाच नावाचा प्लेसहोल्डर एका क्वेरीत दोनदा वापरता येत नाही. शोधाच्या पानांवर तो सर्रास वापरावासा वाटतो, म्हणून तिथे साधी प्रश्नचिन्हे घातली.

आणि आता किमतीबद्दल. खऱ्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटमध्ये प्रत्येक क्वेरीसाठी सर्व्हरकडे एक जास्तीची फेरी होते: आधी क्वेरी तयार करायला, मग चालवायला. पानावर पाच-दहा क्वेरी असतील तर फरक जाणवत नाही. एका पानावर प्रत्येक तुकडीसाठी लूपमध्ये वेगळी क्वेरी जात होती. ते पान डोळ्यांना दिसेल इतके मंदावले. दोष अनुकरण बंद करण्याचा नव्हता, लूपचा होता, आणि एक जॉइन लिहिल्यावर पान पूर्वीपेक्षाही वेगाने उघडू लागले. उपस्थितीच्या पूर्ण सत्राची निर्यात हा वेगळा प्रश्न होता. पीडीओ मायएसक्यूएलचे सगळे उत्तर आधी मेमरीत ओढून घेते. मोठ्या निर्यातीत मेमरीची मर्यादा ओलांडली जात असे. त्यासाठी एकेक ओळ देणारी मेथड केली. ती स्वतःचे वेगळे कनेक्शन उघडते, कारण असे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालवता येत नाही.

कमी अधिकारांचे खाते अखेर जुलैत मिळाले आणि मिळाल्याबरोबर उपयोगी पडले. मासिक अहवालाचे एक पान तात्पुरते टेबल तयार करत होते, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हते. नव्या खात्याने ते तिथल्या तिथे अडवले आणि ती क्वेरी सबक्वेरी वापरून पुन्हा लिहिली. हे खाते शक्य तितक्या लवकर स्टेजिंगवर लावून ठेवावे, असे सुचवीन.

नवा कोड मुख्य सर्व्हरवर चढवण्यासाठी ऑगस्टच्या अखेरीस शनिवारी रात्रीची वेळ मिळाली. जुनी फाइल त्या रात्री काढली नाही, तिच्यातल्या प्रत्येक फंक्शनमध्ये लॉग लिहिणारी एक ओळ घातली. सप्टेंबरभर त्या लॉगमध्ये जे सापडत गेले ते बहुतेक वर्षातून एकदाच चालणाऱ्या कोपऱ्यातले होते: शुल्क-परताव्याचा अहवाल, रात्री चालणारे एक काम. लॉग शांत झाल्यावर फाइल काढली, ८.१ वर गेलो आणि तपासणी अहवालातली नोंद बंद करण्याचा अर्ज भरला. त्याला क्लासची एक प्रत आणि क्वेरींचा तो फेब्रुवारीतला तक्ता, प्रत्येक ओळीपुढे नवी जागा लिहून, जोडला. तपासणीसाने प्रश्न विचारले ते तक्त्यावरच.

सध्या अहवालांसाठी वेगळा, फक्त वाचण्याचा सर्व्हर (मुख्य सर्व्हरची प्रतिकृती) देण्याचे घाटते आहे. सिंगलटन नसल्यामुळे त्यासाठी क्लासला हात लावावा लागणार नाही. त्याच क्लासची दुसरी वस्तू वेगळ्या पत्त्याने तयार करून अहवालांच्या कोडला द्यायची आहे. पावती छापण्याची क्वेरी मात्र मुख्य सर्व्हरवरच ठेवावी लागेल, कारण नुकतीच पडलेली नोंद प्रतिकृतीवर थोड्या उशिराने पोहोचू शकते आणि पैसे भरलेल्या अर्जदाराला तेवढ्या वेळात 'पावती सापडली नाही' असे दिसेल.